आभासी शर्यत आणि गाडीची जुळणी

मिरजेच्या कसबी कारागिराने घडविलेला उत्तम तंबोरा घरी आणला, म्हणून तो लागलीच सुरात बोलू लागत नाही. खुंट्या पिळून तारा जवळपास सुरावर आणावयाच्या, मणी सरकवून उरलेले बारीक अंतर भरून काढावयाचे आणि घोडीवर तारेखालचा दोरा हलवून जवारी खुलवावयाची, एवढे सोपस्कार झाले म्हणजे मग तो गायकाच्या उपयोगी पडतो. शर्यतीच्या मोटारीची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी आणि शर्यतीस सिद्ध झालेली गाडी यांच्या दरम्यान पुष्कळ फिरवाफिरव, पुष्कळ मोजमाप आणि त्याहूनही अधिक विचार असतो. या क्रियेस या लेखात आम्ही ‘जुळणी’ असे म्हणणार आहोत. प्रत्यक्ष गाडी जवळ नसतानाही ही जुळणी आता घरच्या संगणकावर शिकता येते. ती कशी करावयाची आणि तिच्यातून शिकण्याजोगे काय आहे, हे वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

संगणकावरील मोटारींच्या खेळांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. एका प्रकारात गाडी कितीही वेगात असली तरी हवी तशी वळते आणि भिंतीवर आदळली तरी पुन्हा धावू लागते. ती निव्वळ करमणूक होय. दुसऱ्या प्रकारास सिम्युलेटर म्हणतात. यात गाडीचे वजन, स्प्रिंगांचा ताठरपणा, टायरांचे तापमान, हवेचा रेटा या सर्वांचा हिशेब संगणक सेकंदाला शेकडो वेळा मांडीत असतो आणि त्या हिशेबातून जे उत्तर निघेल तेच पडद्यावर दिसते. इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनी या संस्थेने २०१४ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केलेला ‘असेत्तो कोर्सा’ हा या प्रकारचा एक नामांकित सिम्युलेटर आहे. त्याच्या नावाचा इटालियन भाषेतील अर्थच मुळी ‘शर्यतीची जुळणी’ असा आहे. मोंझासारखी प्रसिद्ध सर्किटे त्यात लेसर किरणांनी प्रत्यक्ष मोजून उतरविली आहेत, त्यामुळे खऱ्या रस्त्यावरचा उंचवटा तेथेही त्याच जागी भेटतो.

मुले तासन्‌तास पडद्यापुढे बसून गाड्या फिरवितात, ही आज अनेक घरांतील तक्रार आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्हास म्हणावयाचे नाही. हेच साधन नुसती बोटे चाळविण्यासाठीही वापरता येते आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेसारखेही वापरता येते. फरक पडतो तो वापरणाऱ्याने वही आणि पेन्सिल जवळ घेतली की नाही, यावर. म्हणून वाचकहो, पुढील विवेचन वाचताना या वहीकडे लक्ष असू द्यावे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंजिन कितीही बलवान असो, ब्रेक कितीही उत्तम असोत, गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार टायरांच्या द्वारे. आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग सामान्यतः माणसाच्या तळहाताएवढाच असतो. वेग वाढविणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे या चार तळहातांनाच करावयाची असतात. टायरची पकड ही ठराविक वेतनासारखी समजावी. ती सर्वच्या सर्व ब्रेकवर खर्च केली, तर वळण्यासाठी काही शिल्लक उरत नाही. वळणावर ती पुरती खर्च होत असता जोरात गती देऊ लागलो, तर उधारी होते आणि गाडी घसरते. टायरचे हे वर्तन गणितात मांडणे फार अवघड असते. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील प्राध्यापक हान्स पासेय्का आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली त्यासाठी एक सूत्र प्रसिद्ध केले. प्रयोगांतून मिळालेल्या आकड्यांशी ते चांगले जुळते म्हणून पुढे त्यास ‘जादूचे सूत्र’ असे नाव पडले. वाहनांच्या गणितात त्याचा उपयोग आजही केला जातो.

दुसरी गोष्ट भाराच्या स्थलांतराची. एस. टी. अगर बस वळण घेऊ लागली म्हणजे उभे प्रवासी बाहेरच्या बाजूस कलतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. गाडीचा भारही तसाच बाहेरच्या चाकांवर जातो. ब्रेक दाबला की पुढच्या चाकांवर आणि गती दिली की मागच्या चाकांवर. भार वाढला म्हणजे टायरची पकड वाढते हे खरे. परंतु भार जितक्या पटीने वाढतो तितक्या पटीने पकड वाढत नाही, आणि जुळणीचे निम्मे शास्त्र या एका ‘परंतु’मध्ये साठविलेले आहे. हे उदाहरणाने पाहू. समजा, पुढच्या दोन चाकांवर प्रत्येकी ३०० किलो भार असता प्रत्येक चाक ३३० किलोची पकड देते. दोन्ही मिळून ६६० झाली. आता वळणावर बाहेरच्या चाकावर ५०० किलो आणि आतल्या चाकावर १०० किलो असा भार विभागला. एकूण भार तोच, ६०० किलो. तथापि ५०० किलो भाराचे चाक ५०० ची पकड देते आणि १०० किलो भाराचे १२० ची. बेरीज झाली ६२०. म्हणजे भाराची वाटणी विषम होताच ४० किलोची पकड हरवली. हे आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, परंतु खऱ्या टायरचा स्वभाव याच जातीचा असतो.

वळणावर एकूण किती भार सरकावा हे गाडीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळण्याचा वेग यांवर ठरते. त्यात आपल्या हातात फारसे काही नाही. मात्र त्या सरकणाऱ्या भारापैकी किती वाटा पुढच्या जोडीने सोसावा आणि किती मागच्या जोडीने, हे आपल्या हातात असते. ज्या जोडीवर अधिक वाटा लादावा, त्या जोडीची पकड अधिक घटते. स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार यांच्या फिरवाफिरवीचे इंगित एवढेच आहे.

आता गाडीच्या दोन दुखण्यांची नावे पाहू. चक्र पुरेसे वळवूनही गाडीचे नाक वळत नाही आणि ती पुढल्या पुढे बाहेर सरकत जाते, तेव्हा पुढच्या टायरांची पकड आधी संपलेली असते. यास अंडरस्टिअर म्हणतात. उलटपक्षी मागची चाके आधी सुटून गाडी पाठ फिरवू लागली, तर तो ओव्हरस्टिअर. दुखण्याचे नाव कळले म्हणजे औषध कळले असे मात्र नव्हे. वैद्य ज्याप्रमाणे ताप केव्हा चढतो, सकाळी की रात्री, जेवणापूर्वी की नंतर, हे विचारतो, त्याप्रमाणे येथेही दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न, दोष वळणाच्या कोणत्या भागात दिसतो: ब्रेक धरून आत शिरताना, मध्यभागी, की गती देत बाहेर पडताना? दुसरा प्रश्न, तो मंद वळणांत दिसतो की वेगवान वळणांत? या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिल्यावाचून एकही आकडा बदलू नये.

हे सर्व एका प्रत्यक्ष उदाहरणावर पडताळून पाहू. सर्किट घेऊ मोंझाचे. इटलीतील मिलान शहराजवळचे हे सर्किट १९२२ साली बांधले गेले आणि त्याचा आजचा एक फेरा ५.७९३ किलोमीटरचा आहे. लांबलांब सरळ रस्ते, त्यांच्या टोकांना वेग तोडणारी अरुंद नागमोडी वळणे, मग लेस्मोची दोन उजवी वळणे, पुढे आस्कारी आणि शेवटी पाराबोलिका हे लांबट वळण, ज्यास २०२१ पासून मिकेले आल्बोरेतो या चालकाचे नाव देण्यात आले आहे. गाडी घेऊ जी. टी. ३ या वर्गातील बी. एम. डब्ल्यू. झेड-४, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि पाठीवर एक रुंद पंख.

आरंभी सिम्युलेटरने दिलेली मूळ जुळणी तशीच ठेवून आठ-दहा फेरे मारावेत. या फेऱ्यांचा हेतू वेग दाखविणे हा नसून सातत्य मिळविणे हा आहे. लागोपाठच्या पाच फेऱ्यांच्या वेळांत दीड-दोन सेकंदांचा फरक पडत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा लाभ देणारा बदल आपणास ओळखूच येणार नाही. ज्या तराजूचा काटा स्थिर नाही त्यात गुंजभर सोने कसे तोलावे? म्हणून फेऱ्यांत थोडाफार सारखेपणा येईपर्यंत जुळणीच्या पानाकडे वळू नये. शिवाय जो दोष पाचही फेऱ्यांत त्याच वळणावर, त्याच जागी उमटतो तोच गाडीचा समजावा. एकदा येथे आणि एकदा तेथे उमटणारा दोष बहुधा हाताचा असतो. दोष साधनाचा की आपला, हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडविणे ही या विद्येची पहिली पायरी आहे आणि बहुतेकांचे पाऊल तेथेच अडखळते.

त्यानंतर इंधन निश्चित करावे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते. म्हणजे टाकीत ६० लिटर भरले, तर गाडी सुमारे ४५ किलोने जड झाली. अर्धी टाकी ठेवून केलेली जुळणी भरल्या टाकीस लागू पडेलच असे नाही. तेव्हा जितक्या फेऱ्यांची शर्यत असेल तितके इंधन घेऊनच कामास लागावे.

मग टायरांतील हवा. येथे शाळेत शिकलेला वायूंचा नियम हुबेहूब कामी येतो. आकारमान कायम असता वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. समजा, २५ अंश सेल्सिअसला टायरमध्ये दर चौरस इंचास २२ पौंड हवा भरली. हा दाब वातावरणाच्या दाबाहून अधिक असलेला भाग होय. म्हणून त्यात वातावरणाचे १४.७ पौंड मिळवून निरपेक्ष दाब ३६.७ झाला. चार-पाच फेऱ्यांत आतील हवा ८० अंशांपर्यंत तापली, म्हणजे निरपेक्ष तापमान २९८ वरून ३५३ वर गेले. ३६.७ ला ३५३ ने गुणून २९८ ने भागले की सुमारे ४३.५ येतात, त्यातून वातावरणाचे १४.७ वजा करता उरतात २८.८ पौंड. याचा अर्थ असा, की थंड टायरवर वाचलेला आकडा शर्यतीत टिकत नाही. तो जवळजवळ सात पौंडांनी चढतो. म्हणून टायर तापल्यावर दाब किती असावा हे आधी ठरवावयाचे आणि तेथून उलट मोजीत थंड टायरमधील हवा भरावयाची. दाब फार झाला तर टायरचा मध्यभाग फुगून तोच रस्त्यावर घासतो आणि अधिक तापतो. कमी झाला तर दोन्ही कडा तापतात. टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांचे तापमान संगणक निरनिराळे दाखवितो. ते वाचता आले म्हणजे निम्मे निदान झाले.

याच तापमानांवरून चाकांचा कल पारखावयाचा असतो. शर्यतीच्या गाडीची चाके वरच्या बाजूस किंचित आत झुकलेली ठेवतात. सरळ रस्त्यावर हे विचित्र दिसते, परंतु वळणावर गाडीचे शरीर बाहेर कलते तेव्हा बाहेरचे चाक ताठ उभे राहून आपला सारा तळवा रस्त्यावर टेकते. कल प्रमाणाबाहेर वाढविला तर सरळ रस्त्यावर केवळ आतली कड टेकते, ती भाजून निघते आणि ब्रेक दाबताना पकड कमी पडते. वळणात मिळविलेले ब्रेक दाबताना गमवावे लागले, तर तो व्यापार आतबट्ट्याचा झाला.

आता पाठीवरचा पंख. विमानाचा पंख यंत्रास वर उचलतो. गाडीचा पंख उलटा बसविलेला असल्यामुळे तो तिला खाली दाबतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला जितका, त्याच्या चौपट २०० ला. त्याबरोबर हवेचा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो. पंख अधिक उभा केला की वेगवान वळणांत मागची पकड वाढते, पण सरळ रस्त्यावर वेग मरतो. हिशेब करून पाहू. समजा, पंख थोडा निजविल्याने एक किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर सरासरी वेग ताशी २३० वरून २३४ किलोमीटर झाला. १५.६५ सेकंदांऐवजी १५.३९ सेकंद लागले, म्हणजे पाव सेकंदाची बचत झाली. परंतु त्यामुळे ४०० मीटरच्या एका वळणात वेग १५० वरून १४५ वर उतरला असेल, तर तेथे ९.६० ऐवजी ९.९३ सेकंद लागून एक-तृतीयांश सेकंद गेला. एवढ्यावरून पंख उभाच ठेवावा असे वाटेल. पण मोंझाला सरळ रस्ते अनेक आहेत आणि तेथील कित्येक वळणे इतकी मंद आहेत की त्यांत पंखाचा उपयोग जेमतेमच होतो. त्यामुळे तेथे सामान्यतः कमी पंखाकडे कौल जातो. किती कमी, हे शेवटी घड्याळच सांगते.

येथेच मघाच्या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येते. गाडीचे नाक केवळ पाराबोलिकासारख्या वेगवान वळणात वळत नसेल आणि पहिल्या मंद नागमोडी वळणात मात्र ती सुरेख वागत असेल, तर दोष हवेच्या दाबाच्या समतोलात शोधावा. मागचा पंख थोडा निजवावा अगर गाडीचे नाक किंचित खाली आणावे. उलट मंद वळणातच नाक वळत नसेल, तर पंखाला हात लावून काय उपयोग? तेथे स्प्रिंगा आणि बार यांच्याकडे गेले पाहिजे.

अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, पिळाला विरोध करणारी एक पोलादी दांडी. पुढचा बार ताठ केला की सरकणाऱ्या भाराचा अधिक वाटा पुढची जोडी सोसते आणि वर पाहिलेल्या गणिताप्रमाणे तिची पकड घटते. तो सैल केला की पुढच्या चाकांवर ५०० आणि १०० ऐवजी, समजा, ४५० आणि १५० अशी वाटणी होऊन पकड ६२० ची ६४० होते आणि नाक वळू लागते. मात्र पुढून सोडलेला भाराचा वाटा मागची जोडी उचलते आणि तेवढी पकड मागे घटते. ती इतकी घटली की गाडी पाठ फिरवू लागली, तर एक दुखणे बरे करता करता दुसरे ओढवून घेतल्यासारखे होईल. जुळणीत फुकट असे काहीच मिळत नाही. प्रत्येक लाभाचे मोल कोठे ना कोठे चुकवावेच लागते.

ब्रेकच्या जोराची पुढे-मागे वाटणी ही अशीच एक नाजूक बाब आहे. मोंझाच्या मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी ही गाडी ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगात असते आणि तेथून तिला एकदम मंद वळणात उतरावयाचे असते. वाटणी पुढे झुकविली तर गाडी सरळ व सुरक्षित थांबते, पण वळणात शिरताना नाक आखडते. मागे झुकविली तर ती चपळाईने वळते, पण मागची बाजू सुटण्याचे भय राहते. वळणात शिरतानाच दोष दिसत असेल, तर प्रथम हा आकडा अर्ध्या टक्क्याने हलवून पाहावा.

धक्काशोषकांविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. भार पुढे-मागे किती वाटला जावा हे स्प्रिंगा आणि बार ठरवितात; तो किती वेगाने जागा बदलतो हे धक्काशोषक ठरवितो. म्हणून त्याचा परिणाम भार सरकत असतानाच्या क्षणांत, म्हणजे वळणात शिरताना, बाहेर पडताना आणि नागमोडी वळणात दिशा पालटताना जाणवतो. लांबट वळणाच्या मध्यभागी तो फारसा जाणवत नाही. मोंझाच्या नागमोडी वळणांत रस्त्याच्या कडेच्या उंच पट्ट्यांवरून गाडी न्यावी लागते. धक्काशोषक फार कडक असले तर चाक पट्टीवरून उडून हवेत राहते, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली? गाडी फार खाली बसविली असेल तर तिचा तळच पट्टीवर आपटतो.

गती देत बाहेर पडताना दोष दिसला, तर डिफरन्शियलकडे पाहावे. वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याची योजना डिफरन्शियल करते. ते पूर्ण मोकळे ठेवले तर आतले हलके चाक जागच्या जागी फिरून ताकद वाया जाते. फार घट्ट केले तर दोन्ही चाके एकदम घसरून पाठ फिरते. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी त्या चालकाच्या पायास मानवणारी जागा असते.

एवढे सारे खिळे आणि खुंट्या पाहून नवशिक्याचा जीव दडपतो आणि तो एकदम पाच-सहा गोष्टी फिरवितो. फेरा अर्ध्या सेकंदाने जलद झाला तर त्यास आनंद होतो; परंतु तो कशामुळे झाला, हे त्यास सांगता येत नाही. कदाचित दोन बदलांनी एक सेकंद मिळाला असेल आणि इतर तिघांनी अर्धा गमावला असेल. म्हणून प्रयोगशाळेतला जुना नियम येथे कडकपणे पाळावा: एका वेळी एकच बदल. वहीत पाच रकाने आखावेत. पहिल्यात दोष आणि त्याची जागा, दुसऱ्यात केलेला बदल, तिसऱ्यात तो करण्यामागचा तर्क, चौथ्यात पाच फेऱ्यांच्या वेळा आणि पाचव्यात निष्कर्ष. तर्क आधी लिहावयाचा, निकाल नंतर. निकाल पाहून तर्क रचण्याची मनाला मोठी हौस असते, तिला हा क्रम आळा घालतो. बदल लाभदायक वाटला, तरी एकदा मूळ आकड्यावर परत जाऊन खात्री करून घ्यावी. कारण तेवढ्या वेळात इंधन घटून गाडी हलकी झालेली असते, टायर झिजलेले असतात आणि आपला हातही त्या मार्गास सरावलेला असतो. लाभ बदलाचा की सरावाचा, हे मागे जाऊन पाहिल्यावाचून कळत नाही.

तयार जुळण्या आयत्या मिळतात, त्या का घेऊ नयेत, असा प्रश्न कोणी विचारील. अवश्य घ्याव्यात, परंतु सोडविलेल्या उदाहरणासारख्या. उत्तर पाहून पायऱ्या समजून घेणारा विद्यार्थी पुढे जातो. नुसते उत्तर उतरवून घेणारा तेथेच राहतो. शिवाय निष्णात चालकाची जुळणी पुष्कळदा मागून चंचल असते. त्याच्या हातात ती जलद धावते, नवशिक्याच्या हातात ती तिसऱ्याच वळणावर गिरकी घेते. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा कितीही भरजरी असला, तरी आपल्या खांद्यावर तो बसेलच असे नाही.

या विद्येचा खऱ्या जगात काही उपयोग आहे काय? निश्चित आहे. फॉर्म्युला वन शर्यतींत हंगाम चालू असता प्रत्यक्ष सर्किटावर चाचण्या घेण्यावर २००९ पासून कडक निर्बंध आले, तेव्हापासून तेथील संघ सिम्युलेटरवर अधिकाधिक विसंबू लागले. वेल्समध्ये वाढलेला जान मार्डनबरो हा तरुण संगणकावरील स्पर्धेतून २०११ साली ‘जी. टी. अकादमी’त विजयी ठरला आणि दोनच वर्षांनी, २०१३ साली, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या गाडीने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक पटकाविला. पडद्यावर घेतलेले शिक्षण रस्त्यावर उतरू शकते, याचा हा पुरावा आहे.

तथापि नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. २०१५ च्या मार्च महिन्यात जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथील शर्यतीत याच चालकाच्या गाडीचे नाक एका उंचवट्यावर हवेने उचलले गेले, गाडी कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा प्राण गेला. त्यानंतर तेथे वेगावर मर्यादा घालण्यात आल्या आणि पुढील वर्षासाठी रस्त्याचा तो भाग सुधारण्यात आला. हवेच्या ज्या दाबाचा आपण वर आकड्यांनी हिशेब केला, तोच दाब उलटला म्हणजे काय घडते, हे या घटनेने दाखविले. मोंझाचे आस्कारी हे वळणसुद्धा नुसते सुंदर नाव नाही. दोन वेळा जगज्जेता ठरलेला आल्बेर्तो आस्कारी २६ मे १९५५ रोजी त्याच ठिकाणी गाडी चालवीत असता मरण पावला. सिम्युलेटरमध्ये आपण त्या वळणावर शंभर वेळा चुकतो आणि शंभर वेळा एक बटण दाबून पुन्हा आरंभ करतो. ही सवलत त्यास नव्हती. रस्त्यावर ती कोणासही नसते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या साधनाचा उपयोग करताना दोन गोष्टींची गाठ मनाशी पक्की बांधावी. पडद्यावरील धीटपणा घराबाहेरच्या रस्त्यावर आणू नये. तेथे चार तळहातांच्या पकडीवर आपलाच नव्हे, तर दुसऱ्याचाही जीव तोललेला असतो. आणि पडद्यावरील विचारपद्धती मात्र अवश्य बाहेर आणावी. दोष नेमका कोठे आहे हे पाहणे, तो आपला की साधनाचा हे ठरविणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, तिचे मोल कोठे चुकवावे लागले ते शोधणे आणि जे घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे, ही शिस्त ज्यास लागली तो पुढे कारखान्यात जावो, शेतीत जावो की रुग्णालयात, त्याच्या हातचे काम ओळखू येईल. घड्याळ कोणाची भीड धरीत नाही, हा या खेळाचा मोठा गुण आहे. मुलाने वही उघडून, हा आकडा आपण का बदलला, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे; ते त्यास नीट सांगता आले, तर त्याचे पडद्यापुढचे तास वाया गेले नाहीत असे त्यांनी खुशाल समजावे.